डबी खरी की खोली खरी

माणसाला स्वतःची झोप कधी दिसत नाही. म्हणून झोपेच्या बाबतीत प्रत्येक जण छातीठोक खोटं बोलतो, आणि जिथं माणसं छातीठोक खोटं बोलतात तिथं किस्से साचायला वेळ लागत नाही. आमच्या हुबळीच्या दवाखान्यात तर ते इतके साचले की आता चार मित्र भेटले, की मला आधी कुठला सांगू असं होतं.

दवाखाना नाक-कान-घशाचा. घोरणारा माणूस कधी एकटा यायचा नाही, बायको त्याला धरून आणायची. तो म्हणायचा, "मी कुठं घोरतो?" आणि बायको मागं उभी राहून नुसती डॉक्टरांकडं बघायची. तिचे ते सुजलेले डोळे बघूनच डॉक्टरांचं अर्धं निदान व्हायचं.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी होतो. घोरता घोरता काही जणांचा श्वासच अडतो. माणूस गुदमरतो, अर्धवट जागा होतो, परत झोपतो, परत गुदमरतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही, पण दिवसभर स्कूटरवर डुलक्या येतात. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तासाला किती वेळा श्वास अडला तो आकडा काढायचा. पाचच्या आत असला तर घरी जा, तिसाच्या वर गेला तर सिव्हिअर, म्हणजे रोज रात्री नाकावर हवेच्या यंत्राचा मास्क.

हा आकडा काढायची खोली माझी होती. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, एक कॉट, जाड पडदे, आणि शेजारच्या टीचभर जागेत मी आणि माझा कॉम्प्युटर. पेशंटच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायाला वायरी चिकटवायच्या, छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. मग तो झोपायचा आणि मी रात्रभर त्याच्या रेघा बघत बसायचो. सगळ्या हुबळी-धारवाडात अशी खोली दुसरी नाही, असं मी लोकांना सांगत असे. खरंखोटं कुणी तपासलं नव्हतं.

आणि मग गिरीश आला.

०

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट असेल. गिरीश धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याशा कारखान्यात मीटर दुरुस्त करायचा, तिथून डॉक्टरांनी त्याला उचलला. वय तिशीचं, हसरा, कन्नड-मराठी दोन्ही लोण्यासारखं. त्याच्याबरोबर एक डबी आली. साबणाच्या वडीएवढी. छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला चिमटा, बस्स. पेशंटनं ती घरी न्यायची, आपल्या अंथरुणात झोपायचं आणि सकाळी परत आणून द्यायची. गिरीश ती कॉम्प्युटरला जोडणार आणि दोन मिनिटांत आकडा.

मी रात्रभर जागून जो आकडा काढायचो, तो हा माणूस घरी गाढ झोपून काढणार होता. खरं सांगतो, माझ्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं ते पुढं सहा महिने दुखत होतं.

डॉक्टर मूळचे कन्नड, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. रागावले तरच कन्नडवर जायचे. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की दिवाळीपर्यंत प्रत्येक पेशंटची तपासणी दोन्हीकडं करायची, एक रात्र घरी डबीवर, एक रात्र खोलीत. दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. डबी खोलीइतकीच खरी निघाली तर खोली कशाला अडवून ठेवायची? तिथं श्रवणयंत्रांचं काम सुरू करू.

मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही पुढं काउंटरवर बसा, वसंतअण्णा. तिथंही कुणीतरी पाहिजेच."

तेरा वर्षं लोकांच्या मेंदूच्या रेघा वाचणारा मी, आता 'टोकन नंबर सात, या' म्हणणार! त्याच दिवशी स्टेशन रोडवरून एक दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'डबीच्या चुका'.

०

वहीचं पहिलं पान दाजीबानपेठेतल्या एका कापडवाल्या शेटजींनी भरलं. देव त्यांचं भलं करो.

शेटजींचं वजन भरपूर, मान जवळपास नाहीच. त्यांच्याकडं बघूनच मी मनात पन्नासचा आकडा धरला होता. गिरीशनं त्यांना डबी दिली, सगळं समजावून सांगितलं. दुसर्‍या दिवशी डबी आली. आकडा तीन. तीन म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीपेक्षा निरोगी.

गिरीश गोंधळला, मी खूश झालो. मी तोंड अगदी गंभीर करून म्हणालो, की यंत्र आहे, चालायचंच. मग शेटजी माझ्या खोलीत झोपले आणि आकडा आला अठ्ठावन्न. रात्रभर पडद्यावर श्वासाची रेघ म्हणजे हुबळीची वीज, जरा वेळ असायची, बराच वेळ नसायची.

डॉक्टरांनी शेटजींना बोलावून विचारलं, डबी लावून नक्की कुठं झोपला होतात? शेटजी म्हणाले, दुकानात. दुपारी. जेवण झाल्यावर गादीवर लोडाला टेकून, रोज झोपतात तसे. घरी रात्री नातवंडं असतात, सुना असतात, त्यांच्यासमोर छातीला पट्टा बांधून कोण फिरणार? शिवाय त्यांच्या मते त्यांची खरी झोप तीच, रात्रीची झोप म्हणजे नुसता उद्याच्या मालाचा विचार.

लोडाला टेकून बसल्यावर घसा दाबला जात नाही, श्वास मोकळा राहतो. डबीनं जे बघितलं ते बरोबरच मोजलं होतं, असं गिरीश म्हणाला. मी ऐकून घेतलं आणि वहीत 'चूक क्रमांक एक' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

०

दुसरी चूकही आयती चालून आली होती, पण तिनं माझाच घास घेतला.

जुन्या हुबळीतल्या रेणुकाक्का. जाड्याजुड्या, बोलक्या, पुतणीचं लग्न नुकतंच उरकलेलं. डबीचा आकडा बेताचा, पण रक्तातला ऑक्सिजन इतका खाली दाखवत होता की असा माणूस चालत दवाखान्यात येणंच अवघड. या बाई तर जिना चढून आल्या होत्या आणि वर आल्यावर लग्नातल्या जेवणावळीचं वर्णन करत होत्या.

मी मोठ्या दिमाखात म्हणालो, की माझ्याकडं झोपवा, दूध का दूध होऊन जाईल. त्या रात्री मी अक्कांना सगळ्या वायरी चिकटवल्या, बोटाला चिमटा लावला आणि पडद्यासमोर बसलो. ऑक्सिजन तितकाच खाली. मी चिमटा बदलला, वायर बदलली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच.

सकाळी डॉक्टरांनी दोन्ही कागद बघितले आणि हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली. दोन्ही यंत्रं एकच सांगतात म्हटल्यावर खोटं कसं म्हणायचं? अक्कांचा चेहरा पडला. मला वाईटही वाटत होतं आणि डबी माझ्याइतकीच बरोबर निघाली याचा संतापही येत होता.

तेवढ्यात गिरीश अक्कांच्या हातांकडं बघायला लागला. दोन्ही हातांना मनगटापर्यंत मेंदी, लग्नातली, बोटांची टोकं तर काळीकुट्ट रंगलेली. चिमटा बोटातून लाल उजेड सोडून ऑक्सिजन मोजतो. मेंदीतून उजेड नीट जाणार कसा? त्यानं चिमटा काढला आणि खाली बसून अक्कांच्या पायाच्या अंगठ्याला लावला. ऑक्सिजन अगदी ठणठणीत.

अक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून कन्नडमध्ये भरभरून आशीर्वाद दिला. आदल्या रात्री त्यांना वायरी चिकटवताना अर्धा तास ते लालकाळे हात माझ्या नाकासमोर होते. ते मला का दिसले नाहीत, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

०

यानंतर धारवाडचे एक हेडमास्तर आले, आणि त्यांनी माझी उरलीसुरली इज्जत घालवली.

हेडमास्तर वर्गात फळ्याकडं तोंड करून उभ्या उभ्या झोपायचे, अशी तक्रार होती. तक्रार शाळेची नव्हती, त्यांच्या मिसेसची होती, कारण त्याही त्याच शाळेत शिकवायच्या. मी त्यांना खोलीत घेतलं, वायरी लावल्या, दिवा मालवला. हेडमास्तर डोळे उघडे ठेवून छताकडं बघत पडले. अकरा वाजले, बारा वाजले. मी आत जाऊन विचारलं, काही त्रास होतोय का? नाही म्हणाले. एक वाजता परत गेलो. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं:

"तीस वर्षं मी परीक्षेला सुपरवायझर होतो. कुणी बघत बसलंय म्हटल्यावर माणसाला काय होतं, ते मला आज कळलं. तुम्ही जरा पाठ फिरवून बसाल का?"

मी पाठ फिरवून बसलो. तरीही त्यांना झोप आली नाही. सकाळी माझ्याकडं आठ तासांच्या रेघा होत्या आणि झोप एका मिनिटाची नव्हती. दुसर्‍यांदा बोलावलं, दुसर्‍यांदाही तेच.

डबी लावून मात्र हेडमास्तर घरी साडेनऊला झोपले. त्यांच्या मिसेसनी आवाज ऐकून उशाशी बसून वेळही लिहून ठेवली, मास्तरीणबाईंना शोभेल अशी. डबीचा आकडा चौतीस. त्याच आकड्यावर उपचार झाले आणि महिन्याभरात हेडमास्तर वर्गात जागे राहायला लागले. मुलांचं नुकसान झालं असेल, ते वेगळं.

डबी घरी पोचवायला गिरीश स्वतः जायचा. त्यामुळं घरोघरी त्याला चहा, उपीट, वर चिवड्याची पुडी. माझ्याकडं येणारी माणसं झोपायला यायची, झोपणारा माणूस कुणाला चहा देतो? दवाखान्यात पेशंट विचारायचे, "तो हसरा तम्मा कुठाय?" तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. मी सांगायचो, बाहेर गेलाय. तो आतच असायचा.

०

अळणावरकडच्या मारुतीचा किस्सा मी कधी कुणाला सांगत नव्हतो. आता सांगायला हरकत नाही.

मारुती शेतकरी. चार भाऊ एकत्र, एकच घर, एकच ट्रॅक्टर. मारुती घोरतो म्हणून त्याची म्हातारी आई त्याला घेऊन आली. डबी दिली. दुसर्‍या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं तो डबी घेऊन परत आला. गिरीशनं ती लावली आणि बराच वेळ पडद्याकडं बघत बसला.

मी मागनं डोकावलो. रेघा विचित्रच होत्या. पहिले दोन तास साधं घोरणं. मग सगळं बंद. मग चालू, पण श्वास वेगळाच, लहान लहान. परत बंद. मग असा काही प्रकार, की श्वास अडतोय, अडतोय, मिनिटभर अडतोय, मग जोरात सुटतोय. परत बंद. शेवटचे दोन तास लहान मुलासारखी शांत झोप. मला आतून उकळ्या फुटल्या. डबी बिघडली होती, साफ बिघडली होती. मी वही काढायलाच गेलो.

गिरीशनं मारुतीला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, "मारुतीअण्णा, ही किती जणांनी लावली होती?"

मारुती म्हणाला, चौघांनी. त्यात लपवण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा होता. एवढी हुबळीहून मशीन आणलेली, एकट्यानंच लावून कसं चालेल? घरात भावाभावांत कधी वाटणी झालेली नाही. दोन-दोन तास प्रत्येकानं लावली, आई घड्याळ घेऊन बसली होती.

डॉक्टर हसून हसून खोकायला लागले. मीही हसलो, माझं हसू वेगळं होतं. चार भावांचा सरासरी आकडा म्हणजे काय आकडा झाला? याच्यापेक्षा मोठी चूक वहीला मिळणार नव्हती.

गिरीश मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, तिसर्‍या पाळीला कोण होतं? मारुती म्हणाला, लक्ष्मण. आणि लक्ष्मण काय काम करतो?

"ट्रॅक्टर तोच चालवतो की."

डॉक्टरांचं हसू थांबलं. लक्ष्मणला दुसर्‍याच दिवशी बोलावून घेतलं. तो माझ्या खोलीत झोपला, आकडा एकाहत्तर. मारुतीला काही नव्हतं. ज्याला आजार होता त्याला कुणी दवाखान्यात आणलंच नव्हतं, कारण तो ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या झोपायचा आणि घरचे म्हणायचे, बिचारा फार कष्ट करतो.

ती म्हातारी आई पुढच्या आठवड्यात परत आली, डोक्यावर पाटीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन. एकाहत्तर आकडा मी काढला होता. शेंगा गिरीशला मिळाल्या. त्यानं त्यातल्या अर्ध्या माझ्या टेबलावर आणून ओतल्या आणि मी, लाज वाटते सांगायला, त्या घरी नेल्या नाहीत, रस्त्यात एका म्हशीपुढं टाकल्या. घरी नेल्या असत्या तर सुमन म्हणाली असती, किती चांगला आहे हो तो गिरीश. सुमन म्हणजे माझी बायको. ते तर ती शेंगा न खाताही म्हणत होती.

०

आता शेवटचा. हा डॉक्टर इतरांना सांगताना मी ऐकलाय, पण त्यांना तो अर्धाच माहीत आहे.

दिवाळी दहा-बारा दिवसांवर आली होती. वहीत बावीस चुका झाल्या होत्या, त्यातल्या निम्म्या मलाच पटत नव्हत्या. एका सकाळी डॉक्टर लवकर आले. खोलीतला पेशंट, एक रिटायर्ड तलाठी, स्वतःच सगळ्या वायरी काढून, चादरीची घडी करून कॉटवर बसला होता. आणि मी कॉम्प्युटरसमोर मान टाकून झोपलो होतो. तलाठी डॉक्टरांना म्हणाला, की साहेब, त्यांना उठवू नका, बिचारे रात्रभर फार घोरत होते, मध्ये मध्ये तर श्वासच बंद पडत होता, मी घाबरून जागाच राहिलो.

डॉक्टर कन्नडवर गेले. "एनप्पा वसंता, इदेनु?" म्हणजे, हे काय चाललंय?

त्यांनी हुकूम सोडला, की माझीही तपासणी, दोन्हीकडं. मी म्हणालो, मला काही झालेलं नाही, ड्यूटीच रात्रीची, डोळा लागणारच. सुमन गेली कित्येक वर्षं माझ्या घोरण्याबद्दल बोलत होती. तिला मी सांगायचो, तू जागी असतेस म्हणून तुला ऐकू येतं, तू झोपत जा.

पहिली पाळी डबीची. संध्याकाळी गिरीश घरी आला. सुमननं त्याला गरम भजी केली. त्यानं माझ्या छातीला पट्टा बांधला, नळी लावली, बोटाला चिमटा अडकवला, आणि "अण्णा, निवांत झोपा" म्हणून गेला. निवांत! सहा महिने जिचा द्वेष केला ती डबी माझ्याच छातीवर बसलेली. मला खात्री होती की ती आज माझ्या बाबतीत काहीतरी घोळ घालणार, आणि तो घोळ मी रंगेहाथ पकडणार. मी तिच्यावरच्या हिरव्या बारक्या दिव्याकडं बघत पडून राहिलो. त्याच्याकडं बघताना काउंटर दिसायचा, शेंगा दिसायच्या, भजी दिसायची. कोंबडा आरवल्यावर कुठं डोळा लागला.

आकडा आला सात. गिरीश इतका खूश झाला की मला मिठी मारली. "अण्णा, विशेष काही नाही. थोडं वजन कमी करा, पुरे." त्याचा आनंद खरा होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दोन दिवसांनी माझ्याच खोलीत, माझ्याच कॉटवर मी. वायरी गिरीशनं चिकटवल्या, मी शिकवलं होतं तशाच. खोली माझी, वास ओळखीचा, गादीतला खड्डा ओळखीचा. शेवटची वायर लावायच्या आत मी झोपलो होतो, असं तो सांगतो.

सकाळी डॉक्टरांच्या टेबलावर दोन कागद. डबी सात, खोली एकेचाळीस.

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, की बघा, दिवाळी आली, मला आता ठरवायचंय. माणूस एकच, आठवडा एकच, आणि आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. मग गिरीशकडं वळले. गिरीशनं सरळ सांगितलं, की डबीला श्वास कळतो, झोप कळत नाही. डोक्याला वायर नसते ना. पेशंट जागा असला तरी ती तो वेळ झोपेतच धरते आणि सगळ्या तासांनी भागते. अण्णा त्या रात्री जागे असतील, तर सात हा आकडा खोटा. पण नीट झोपले असतील, तर मात्र घरची झोप तीच खरी मानायला हवी, कारण माणूस रोज घरीच झोपतो.

मग तिघांतले दोघं माझ्याकडं बघायला लागले.

मला सगळं लख्ख दिसत होतं. 'मस्त झोपलो होतो' म्हणालो तर मी ठणठणीत, ना मास्क ना काही, पण खोली गेली. 'जागा होतो' म्हणालो तर खोली राहिली, पण रात्रभर का जागा होतो ते सांगावं लागणार, तेही गिरीशसमोर.

"जागा होतो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी विचारलं, का?

"डबी चुकते का, ते बघत होतो." एकदा तोंड उघडल्यावर मग थांबता येईना. "रोजच बघतो. याला शेंगा मिळाल्या तरी मला झोप येत नाही. वही केलीय मी, बावीस चुका लिहिल्यात. सगळे याचंच नाव घेतात, आमच्या घरीसुद्धा. जळतो मी याच्यावर, साहेब. आता तुम्हीच ठरवा."

गिरीश खाली बघत होता. डॉक्टरांनी सातचा कागद घेतला, मधोमध फाडला आणि म्हणाले, की ठीक आहे, एकेचाळीस खरं. खोली राहील. डबीही राहील, पण डबी बरं म्हणाली आणि बायको बरं म्हणत नसली, तर तो माणूस वसंतअण्णांच्या खोलीत झोपल्याशिवाय घरी जाणार नाही.

मी त्या दिवशी सायकल अशी हाणली की राणी चन्नम्मा सर्कल कधी मागं गेलं ते कळलं नाही. दारातूनच ओरडलो, "सुमन, जिंकलो! खोली राहिली!"

ती हात पुसत बाहेर आली. "आणि तुमचा आकडा?"

"एकेचाळीस!" मी म्हणालो. "गिरीशचे सात, माझे एकेचाळीस. साहेबांनी माझेच धरले. सिव्हिअर!"

सुमन माझ्याकडं बघत राहिली. मग आत गेली, देवापुढं साखर ठेवली, बाहेर आली आणि फोन उचलला.

"गिरीश? रात्री जेवायला ये रे, शेंगापोळी करते," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि येताना ते मास्कचं यंत्र घेऊनच ये बाबा. सोळा वर्षं झाली. आज मला झोपायचंय."